मुखेडच्या कप्प्यातला फोन

१

फोन होता, पण फोनातलं सिमकार्ड नव्हतं. नागम्मानं मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली आणि चिंचोके पडावेत म्हणून चिंच आपटावी तसा तो लाल फोन तळहातावर दोनदा आपटला. काही पडलं नाही. समोर मुखेडची शिवानी ओढणीचं टोक दातात धरून उभी होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. पाच वाजता मेडिकलच्या ॲडमिशनचा फॉर्म बंद होणार होता, आणि मग तो कुणाच्या बापालाही उघडता येणार नव्हता.

लातुरात क्लासेसच्या गल्लीत नागम्माचं मुलींचं होस्टेल होतं, खाली खानावळ आणि वर खोल्या. वीस वर्षांत तिची भाकरी खाऊन किती पोरी डॉक्टर झाल्या हे सगळ्या गल्लीला तोंडपाठ होतं, कारण तीच रोज सांगायची. तिचा नियम एकच. साधा बटणांचा फोन चालेल, पण तो रविवारीच हातात मिळेल. एरवी सगळे फोन देवघराच्या कपाटात, पत्र्याच्या डब्यात बंद. परीक्षा झाली, निकाल लागला, बाकीच्या पोरी गावी गेल्या, फॉर्म भरायला चौघीच राहिल्या, तरी नियम हलला नाही. फोन मिळाला की पोरी दुसऱ्यांचे मार्क विचारत बसतात आणि मग जेवत नाहीत, असं तिचं म्हणणं.

जेवणं उरकली तेव्हा तिचा मुलगा वीरेश हॉलमधल्या कॉम्प्युटरवरून पळत आला होता. सगळ्यांच्या फॉर्मवर मेल त्याचाच दिलेला. मेलवर आलं होतं की शिवानीनं आपला पसंतीक्रम बदलून सादर केला, सकाळी नऊ अठ्ठेचाळीसला. आणि शिवानी तर त्या वेळी गच्चीवर कपडे धूत होती. काल तिनं बावीस कॉलेजं भरली होती, आज यादीत एकवीसच होती. पहिलंच गेलं होतं, नांदेडचं सरकारी कॉलेज.

उरलेल्या एकवीसांतली काही तिच्या मार्कांना मिळणारी नव्हती आणि काही तिच्या बापाच्या किराणा दुकानाला झेपणारी नव्हती. खरं कॉलेज ते एकच होतं. आता यादी दुरुस्त करायची तर फॉर्म उघडायला हवा. फॉर्म उघडायला सहा आकडी ओटीपी हवा, आणि तो येणार त्याच सिमवर. वीरेशनं मोबाइलच्या दुकानात विचारून घेतलं होतं. सिम वडिलांच्या नावावर, म्हणजे त्यांनी मुखेडहून यायचं, आणि नवीन सिमवर मेसेज यायला चोवीस तास लागायचे. हेल्पलाइनवर नुसती घंटी वाजत होती.

"अव्वा," शिवानी म्हणाली, "बाबांना काय सांगू?"

"काही सांगू नको. पाच वाजले का?"

"न्हाई."

"मग रडाय कामून लागलीस?"

असं म्हणाली खरी, पण मनात नागम्मा घरातली माणसं मोजायला लागली होती. डब्याची किल्ली बसवेश्वरांच्या फोटोमागं असते हे रस्त्यावरच्या माणसाला माहीत नव्हतं. आज सोमवार. नऊ ते साडेदहा ती सिद्धेश्वराच्या देवळात होती. तेवढ्यात ज्यानं हे केलं, तो तिच्याच पंगतीत बसून तिचंच वरण ओरपून गेला होता.

२

आधी तिनं केवळाबाईला धरलं. केवळाबाई भाकऱ्या थापायची, आणि गेल्याच आठवड्यात शिवानीनं भाकरी कच्ची आहे म्हटल्यावरून दोन दिवस फुगून बसली होती. राग होता, नाही असं नाही. पण फॉर्म, कॉलेज, पसंतीक्रम ह्यांतलं तिला काय कळणार? तिला स्वतःची सही येत नव्हती.

"मी चुलीपुढं होते बाई," ती म्हणाली. "देवघरात सगळेच येऊन जातात. वर्षाराणी चहा घ्यायला आली, तिकडून डोकावून गेली. वीरेश गाडीची चावी शोधत आला. पाव्हणे गुरुजी विभूती लावाय आले. आता मी भाकरी बघू का लोकांचे हात बघू?"

मग वर्षाराणी. ही बिलोलीची पोर शिवानीच्याच खोलीत राहायची. दोघींचा प्रवर्ग एक, मार्कांत फरक दोनाचा. शिवानी वर, ही खाली. नांदेडच्या कॉलेजची त्यांच्या प्रवर्गाची यादी गेल्या वर्षी जिथं थांबली होती, नेमक्या तिथंच ह्या दोघी उभ्या होत्या. एकीला जागा मिळाली तर दुसरीला मिळेलच असं नव्हतं. शिवानीचं नांदेड उडालं म्हणजे वर्षाराणीचं पक्कं, हे न शिकलेल्यालाही कळत होतं. इस्लापूरची आरती आणि उदगीरची शिवकन्या इंजिनिअरिंगवाल्या. त्यांना ह्यात काही मिळायचं नव्हतं, तरी त्या दोघी वर्षाराणीकडं आता असं बघत होत्या की तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

सकाळी कुठं होतीस म्हटल्यावर तिनं सांगितलं, झेरॉक्सला गेले होते. घड्याळ बघितलं नव्हतं. एकटीच गेली होती.

"तू केलंस का?" नागम्मानं सरळ विचारलं.

"तुम्हाला वाटत असलं तर केलं म्हणा," वर्षाराणी म्हणाली.

बसलिंगप्पा गुरुजींनी मध्ये पडून तिला बाजूला घेतलं. गुरुजी तिचे चुलते. बिलोली तालुक्यात हेडमास्तर होऊन रिटायर झालेले, कपाळावर विभूतीचे तीन सरळ पट्टे, पट्टीनं आखल्यासारखे. भाऊ वारल्यावर ही पोर त्यांनीच वाढवली. शनिवारी ते फॉर्मसाठी आले आणि गेटजवळच्या खोलीत उतरले. काल हॉलमध्ये बसून त्यांनी वर्षाराणीचा फॉर्म भरला, आणि शिवानीचं कुणी नाही बघून तिचाही भरला, दोघींचे फोन शेजारी ठेवून, आलेला नंबर स्वतः वाचून. नागम्मानं सगळे फोन पदरात घालून हॉलमध्ये आणले होते आणि काम झाल्यावर तसेच परत नेले होते. कॉलेजं हातानं उतरवलेला कागद गुरुजींनी आदरानं तिच्या हातात दिला, तिनं चष्मा लावून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि अक्षर झकास आहे म्हणाली. माणूस टापटिपीचा. आल्यापासून दारातल्या पोरींच्या चपला जोडीनं लावायचा. वाकडं कॅलेंडर त्याला बघवायचं नाही.

गुरुजींनी शिवानीच्या डोक्यावर हात ठेवला. पहिली फेरी म्हणजे सर्व काही नव्हे, दुसऱ्या फेरीत प्रयत्न करता येईल, असं समजावलं. आपली साडेचारची बिलोली गाडी आहे, पण पोरीसाठी मन तुटतं, असंही म्हणाले.

घड्याळात अडीच झाले. वीरेश पुन्हा हेल्पलाइन लावत होता. तो वाकला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशातून एक गुळगुळीत कार्ड डोकावलं, सोनेरी कडेचं. नागम्मानं ते लांबूनच ओळखलं. मागल्या पंधरवड्यात एका खासगी कॉलेजचा एजंट पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता, तुमच्या पोरी आमच्याकडं वळवा म्हणत. त्याला तिनं पुड्यासकट गेटाबाहेर काढला होता. त्याच्या हातात असलीच कार्डं होती.

दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिनं त्याला उभा सोलला असता. पोटच्या पोरानं केलं असलं तर?

३

ती देवघरात गेली आणि दार लोटून घेतलं. लाल फोन निदान जागेवर तरी ठेवावा म्हणून तिनं डबा उघडला आणि हात तसाच थांबला.

डब्यात पुठ्ठ्याचे चार कप्पे होते, एका ओळीत. नागम्मा त्यांत फोन एसटीच्या रस्त्यानं लावायची. लातूर सोडलं की आधी उदगीर, मग मुखेड, मग बिलोली, आणि लांब टोकाला इस्लापूर. पोरींना ती नावानं कमी आणि गावानं जास्त ओळखायची. कंडक्टरसारखी हात घालायची आणि न बघता बरोबर फोन काढायची. पोरी हसायच्या, अव्वांची गाडी उदगीरला थांबली, उतरा म्हणायच्या.

दुपारी घाबऱ्याघाबऱ्या डबा उघडला तेव्हा मुखेडच्या कप्प्यात हात घातला तर भलताच फोन आला होता. लाल फोन टोकाला सापडला होता. तेव्हा सिमच्या नादात तिनं लक्ष दिलं नाही. आता नीट बघितलं. उदगीरचा फोन आपल्या जागी. मुखेडच्या जागेवर बिलोलीचा. बिलोलीच्या जागेवर इस्लापूरचा. आणि इस्लापूरच्या जागेवर होता शिवानीचा लाल फोन.

घाईत चोरी करणारा एक फोन काढतो आणि त्याच भोकात परत कोंबतो. इथं तीन फोन हलले होते, तेही सरळ, तोंडं एका बाजूला करून. कुणीतरी हे लावलं होतं. कुठल्या हिशेबानं लावलं होतं?

प्रत्येक कप्प्यावर एक चिठ्ठी होती. जूनमध्ये चौघीच उरल्यावर वीरेशनं हौसेनं चिकटवलेली. नागम्मानं चष्मा पुसला आणि चिठ्ठ्यांकडं पाहिलं. काळ्या मुंग्यांची रांग. दुसरीत असताना शाळा सुटली ती सुटली. आकडे तिनं पुढं धंद्यात शिकून घेतले, गॅसची तारीख, दुधाचे लिटर, एसटीची वेळ. अक्षरं राहून गेली. सकाळी ती पेपर उघडून बसायची, पान उलटायची, मान हलवायची. हे जगात एकट्या वीरेशला माहीत होतं.

तिनं त्याला हाक मारली आणि आधी कार्डाचं विचारलं. त्यानं कार्ड काढून तिच्या हातात ठेवलं. एजंटनं पुन्हा गाठलं होतं, आपणही ऐकून घेतलं, तुझ्यामागं ऐकलं हे चुकलं, पण पोरीचा फॉर्म विकायला आपण कुणी कसाई नाही, असं तो म्हणाला. तो खरं बोलतो की खोटं, हे कळायला आईला वाचता यावं लागत नाही. पण आईचं काळीज आंधळंही असतं, म्हणून नागम्मानं डबा पुढं सारला.

"कुठल्या कप्प्यावर काय लिव्हलंय, सांग."

वीरेशनं दाराकडं पाहून आवाज खाली केला. "आरती, वर्षाराणी, शिवकन्या, शिवानी. क, ख, ग लावतात तशा क्रमानं लावली होती मी. तू तुझ्याच रस्त्यानं फोन ठेवलेस, म्हणून मग मी नाद सोडला."

"म्हणजे दुसऱ्यावर वर्षाराणी, आन् टोकाला शिवानी."

"हाव."

नागम्मा खाली बसली. एकेका कप्प्यावर बोट ठेवत तिनं वीरेशनं सांगितलेली नावं मोजली. मग तिनं विचारलं, किती वाजले. वीरेश म्हणाला, चार वाजून पाच. गुरुजी पिशवी भरून गेटात उभे आहेत, गाडी गाठायला लवकर निघतो म्हणतात.

"त्यांना म्हणावं, चहा घेतल्याबिगर माझ्या दारातून पाव्हणा जात न्हाई," नागम्मा म्हणाली. "आन् सगळ्यांना हॉलात बोलव. सगळ्यांना."

४

चहा कुणीच प्याला नाही. गुरुजी खुर्चीच्या टोकावर बसले होते, पिशवी मांडीवर. पोरी भिंतीला टेकून. केवळाबाई पिठाच्या हातानंच दारात. नागम्मानं डबा टेबलावर ठेवला.

ती म्हणाली की ज्यानं फोन घेतला, त्याला ह्या डब्यात शिवानीचा फोन तिच्या नावाच्या कप्प्यात सापडला नाही. दुसऱ्याच कप्प्यात सापडला. काम झाल्यावर त्याला ती चूक सोसवेना. त्यानं शिवानीचा फोन शिवानीच्या चिठ्ठीखाली ठेवला. वर्षाराणीचा वर्षाराणीच्या चिठ्ठीखाली. तिसरा कुणाचा ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो रिकाम्या जागेत सारला.

"आता मला सांगा," ती म्हणाली, "हे घरातलं कुणी करील? ह्या पोरी दर रविवारी बघतात. फोन कुठल्या रस्त्यानं लावलेत ते ह्यांना पाठ हाय, आन् एकमेकींचे चारी फोनबी ओळखतात. वर्षाराणीनं केलं असतं तर लाल फोन मुखेडच्याच जागेवर गेला असता. वीरेशला माहीत हाय. केवळाबाईला चिठ्ठीतलं अक्षर कळत न्हाई. राहिला असा माणूस, ज्याला वाचता येतं, ज्याला विभूती लावताना फोटोमागची किल्ली दिसली, पण ज्यानं डबा कधी उघडा बघितला न्हाई, आन् ज्याला चारांतले दोनच फोन माहीत हायत. काल टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नागम्माताई, हा तर्क झाला. चिठ्ठीवर नाव असेल तर कोणीही सुशिक्षित माणूस वस्तू नावाखालीच ठेवेल. तुम्ही स्वतः वाचता. मग तुम्ही चुकीच्या कप्प्यात का ठेवता? घोटाळा तुमचाच असेल."

वीरेशनं आईकडं पाहिलं आणि मान नकारात हलवली, नको म्हणून. घड्याळ चार वाजून सोळा मिनिटं दाखवत होतं.

नागम्मानं नाकावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला वाचता येत न्हाई, गुरुजी," ती म्हणाली. "ती चिठ्ठी मला रांगोळीसारखी. तुमचा कागदबी मी नुसता बघितला. मला अक्षर आलं असतं तर मी पण फोन नावाखालीच ठेवले असते, आन् तुम्ही कधी घावला नसता."

आरतीनं शिवकन्येचा हात धरला. केवळाबाई आपल्या मालकिणीकडं अशी बघत राहिली की जशी आज पहिल्यांदा बघतेय.

"आन् अजून एक," नागम्मा म्हणाली. "तुम्ही ते सिम फेकलं नसणार. ज्याला चप्पल तिरकी बघवत न्हाई, त्याच्यानं दुसऱ्याची वस्तू गटारात टाकवत न्हाई. पिशवीत हाय."

गुरुजींनी पिशवी छातीशी धरली. गाडी चुकेल, असं काहीतरी पुटपुटले. तेव्हा वर्षाराणी भिंतीपासून निघाली, त्यांच्यापुढं उभी राहिली आणि हात पसरला. गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं, आणि त्यांची बोटं आपोआप ढिली झाली.

पिशवीत खिशात मावणारी डायरी होती. डायरीत सोमवारच्या पानात एक लहान पाकीट, डिंकानं नीट बंद केलेलं. वर्षाराणीनं ते नागम्माला दिलं. नागम्मानं उलटसुलट करून परत तिच्याच हातात ठेवलं.

"माझ्या हाती कामून देतीस? काय लिव्हलंय ते वाच."

वर्षाराणीनं वाचलं. "कुमारी शिवानी सिद्धलिंग, मुखेड, यांचे सिमकार्ड. सहा वाजल्यानंतर परत करणे."

"मी कुणाचं काही नेलं नाही," गुरुजी खाली बघून म्हणाले. "एक ओळ काढली. फक्त एक. तिला वडील आहेत, दुकान आहे. हिला कोण आहे? भाऊ जाताना मला म्हणाला होता, पोरीला डॉक्टर कर." त्यांनी मान वर केली, पण पुतणी त्यांच्याकडं बघत नव्हती. ती पाकीट फाडत होती.

५

सिम वर्षाराणीनंच घातलं. बॅटरी बसवली, झाकण दाबलं, फोन चालू केला. रेंजच्या काड्या यायला दीड मिनिट लागलं. वीरेश कॉम्प्युटरवर बसला. शिवानीनं आपला फॉर्म नंबर सांगितला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर.

चार वाजून एकतीस मिनिटं. साईट फिरत राहिली. शेवटचा दिवस, सगळ्या महाराष्ट्रातल्या पोरांचे आईबाप त्याच दारात उभे असणार. दोनदा पान पांढरं झालं. चार एक्केचाळीसला फोन थरथरला.

शिवानीनं तो उचलला, पण डोळे इतके भरले होते की आकडे दिसेनात. तिनं फोन नागम्मापुढं धरला.

"अव्वा, तुम्हीच वाचा."

आताच काय कबूल झालंय ते आठवून सगळ्यांनी नागम्माकडं पाहिलं. शिवानीच्याही ते ध्यानात आलं, ती हात मागं घ्यायला लागली. नागम्मानं फोन तिच्या हातातून हिसकून घेतला आणि हात लांब करून डोळे बारीक केले.

"आकडे येतात मला," ती म्हणाली. "चार. शून्य. नऊ. नऊ. दोन. सात. टाक."

वीरेशनं टाकलं. पान उघडलं. वर्षाराणी त्याच्या खांद्यावरून वाकली आणि तिनंच बोटानं दाखवलं, हे, नांदेड, हे पहिलं घे. चार वाजून एकोणपन्नास मिनिटांनी बावीसची यादी बंद झाली, आणि शिवानीनं वर्षाराणीच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदका दिला तो सगळ्या दिवसाचा होता.

"आता तुमचं तुमच्या मार्कांनी होऊ द्या," नागम्मा दोघींना म्हणाली. "एकीला मिळालं तर दुसरीनं तिची ट्रंक उचलायची, आन् तिला मिळालं तर हिनं. मी भाकरी बांधून देते."

गुरुजींची साडेचारची गाडी गेली होती. ते गेटात उभे होते. दारात पोरींच्या चपला धावपळीत कुठंही पडलेल्या, एक उलटी, एक पायरीखाली. सवयीनं ते वाकले, हात पुढं गेला आणि तिथंच थांबला. मग ते तसेच सरळ झाले आणि स्टँडच्या रस्त्यानं चालू लागले.

वर्षाराणीनं ते बघितलं. मग आत येऊन डबा उचलला आणि नखानं पहिली चिठ्ठी खरवडायला लागली.

"अव्वा, ह्या काढून टाकते. तुम्हाला काही कामाच्या न्हाईत."

नागम्मानं तिच्या हातावर चापट मारली आणि चिठ्ठीचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं परत दाबून बसवला.

"राहू दे त्या. मला नसतील, पण चोराला लागतात."